टोपी

लुए गावाच्या अलीकडे, कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये
एर्वे गेरिनेलनं आपली टीम मांडली.
शेड तीनदा धुतली आम्ही, चुना मारला,
तरी अजून एखाद्या फिल्टरमध्ये
पांढरं पीस सापडतंच.
तो ते खिशात ठेवतो. का, ते मी विचारलेलं नाही.

मी त्याची वेळ मोजते. तेहतीस वर्षं.
आधी तो आत असायचा, हेल्मेटमध्ये,
आणि मी पिटच्या भिंतीवर,
गळ्यात दोन घड्याळं, मांडीवर वही.
तेव्हा झोपायचा तो! पाळी संपली की
टायरांच्या ढिगावर, तोंड उघडं टाकून,
हाताच्या अंतरावरून सगळी शर्यत किंचाळत जात असताना.
बोर्ड दाखवला तरी आत यायचा नाही.
मालक, म्हातारे मस्यो कादियू, टोपी आपटायचे:
‘पेट्रोल काय तुझा बाप भरतो?’
एर्वे एक फेरी जास्त मारायचा
आणि उतरल्यावर त्यांची टोपी झटकून द्यायचा.

जिंकला नाही कधी.
एकदा दुसरा आला, अठ्ठ्याऐंशी सेकंदांनी.
चोवीस तासांत अठ्ठ्याऐंशी सेकंद.
वहीत ते पान आहे;
तिथे आले की मी दोन पानं एकदम उलटते.

सह्या अजून करतो.
पूर्वी पोरांच्या टोप्यांवर, आता टायरवाल्याच्या बिलावर,
बँकेच्या कागदावर, जिथे त्याच्या आईचं सफरचंदांचं शेत
तारण म्हणून लिहिलंय.
सही तीच. शेवटचा फराटा तेवढा गेला.

झोपही गेली.

पहाटेचे तीन-चाळीस. आर्नाजकडे धुकं उतरलंय.
गाडीत माएल, बावीस वर्षांचा.
एर्वे भिंतीशी उभा, डोळे मिटून.
शेवटच्या वळणाआधी इंजिनाचा आवाज पडतो,
त्या क्षणी त्याचा पाय सिमेंट दाबतो.
दर फेरीला. बूट तिथेच झिजलाय.

मग एका फेरीला पाय आधी दाबला गेला,
आणि आवाज नंतर पडला.

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.
मी घड्याळ पुढे केलं.
रात्रभरातली आमची सगळ्यांत वेगवान फेरी.
‘आत घे त्याला,’ म्हणाला. रेडिओवर सांगितलं,
वर बोर्डही लावायला लावला, जुन्या सवयीनं.

गाडी आली. समोरून गेली.
तांबडे दिवे धुक्यात विरघळले.

एर्वेचा हात डोक्याकडे गेला.
आपटायला टोपी नव्हती.

मी वेळ लिहिली, तीन मिनिटं एकेचाळीस,
आणि पुढे, जागा होती म्हणून,
‘धुकं’.