आतला वेढा

बाबांचा नियम होता: मिनिटाला तीन थेंब.
चार पडले तर नट पाव फेरा आवळायचा.
एकही पडला नाही तर हात लावून बघायचा,
तापला असेल तर सैल करायचा आणि माफी मागायची.
कोणाची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

डेगरबीच्या गोदीत मे महिना,
बर्चला अजून पान नाही,
सामुद्रधुनीतला बर्फ गेल्याला जेमतेम तीन आठवडे.
'आल्फोगेल' टेकूंवर उभी,
तिच्या पोटात आम्ही दोघी बहिणी:
गुन्वोर इंजिनाच्या पलीकडे, मी अलीकडे,
मध्ये पंख्याचा शाफ्ट
आणि फेब्रुवारीपासून चाललेला वाद.

तिला हवं कोरडं सील.
एक तोंड कार्बनचं, जागचं न हलणारं,
एक पोलादाचं, त्याला घासून फिरणारं,
मागून रबरी भात्याचा रेटा.
"थेंबे थेंबे तळंच साचतं," ती म्हणते,
"आणि ते दर शनिवारी उपसते मी."
मला हवी वाखाची जुनी वेणी, चरबीत भिजवलेली.
गळणारी नाव निदान बोलते तरी.
भाता फाटला तर सांगायला कोण येणार?
"समुद्र," गुन्वोर म्हणाली. तिला विनोद जमत नाहीत.

बिर्येर आला, कॉफीचा थर्मास काखेत.
कपलिंगचे चार बोल्ट:
दोन निघाले, एक तुटला,
चौथ्याने दुपार खाल्ली.
मग शाफ्ट सहा इंच मागे सरकला, कुरकुरत,
झोपेतून उठवल्यासारखा.

हुकाने वेढे उपसले.
पहिला काळा. दुसरा काळा. तिसरा चहाच्या चोथ्यासारखा.
"चौथा कुणी काढत नाही," बिर्येर म्हणाला,
"हूक पोचत नाही, म्हणून लोक वरचेच बदलत राहतात."
तो पालथा झोपला, जीभ दातांत धरली
आणि काहीतरी ओढून काढलं.

ती वाखाची वेणी नव्हती.
नाडी होती, बुटाची,
तेलाखाली एका बाजूला लाल रेघ,
टोकाला पितळेची टोपी शाबूत.

मी नऊ वर्षांची होते. जानेवारी, बर्फावरची शर्यत.
सकाळी बघते तर एका स्केटला नाडीच नाही.
मासे बांधायच्या सुतळीने आवळून धावले,
दुसऱ्या वळणावर आपटले.
तेव्हापासून अडतीस वर्षं,
नाताळच्या जेवणात, आईच्या तेराव्या वर्षश्राद्धाला सुद्धा,
गुन्वोरकडे बघून मी म्हणत आले:
कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरत होतं. इथे.
ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीआधी
दुकानात वाख संपला असेल,
हाताशी असेल ते त्यांनी कोंबलं असेल.
शर्यतीला बाबा आले होते. माझा गुडघा त्यांनीच पुसला.
बोलले काहीच नाहीत.

बिर्येरने शाफ्टवरून नख फिरवलं.
"लागतंय. वेणी बसते तिथे खाच पडलीय,
नवी घातलीत तरी गळणार.
कोरडं सील पुढे बसेल, जिथे धातू अजून कोरा आहे."
म्हणजे गुन्वोर जिंकली.
हसली नाही. नाडी बोटाला गुंडाळत बसली,
मग उलगडली, मग पुन्हा गुंडाळली.

कार्बनला तेलकट बोट लागू द्यायचं नाही.
भाता दोन सेंटिमीटर दाबायचा, तेवढाच.
दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर.
दोनशे चाळीस युरो, निम्मे निम्मे.

नाव पाण्यात उतरली तेव्हा भाता चिमटला,
आतली हवा सुटली,
दूध प्यालेल्या बाळाच्या ढेकरासारखी,
आणि मागोमाग गार पाण्याची चिळकांडी
थेट गुन्वोरच्या चष्म्यावर.

बंदराबाहेर इंजिन चालू ठेवून तिने फळी उचलली.
"किती?" मी सुकाणूवरून विचारलं.
"एकही नाही."
"हात लाव."
तिने भात्यावर तळवा ठेवला, बराच वेळ.
"गार आहे."

तेव्हा मी काहीतरी म्हटलं.
इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं.
पुन्हा बोल, असंही ती म्हणाली नाही.
फळी बसवली, हात पँटला पुसले
आणि म्हणाली, खडक आहे पुढे,
जरा डावीकडे घे.