लेथ बंद केल्यावर

राधानगरीच्या पुढं एस.टी. वळणं घेत गेली,
तसा फोनचा एकेक दांडा पडत गेला.
मृण्मयी म्हणाली, "आता हा नुसता आरसा."
मी खिशातल्या चाव्या चाचपल्या,
उद्यमनगरातल्या शेडच्या, दोन कुलपांच्या.
सुट्टी असून हात तिथंच जातो.

तंबू भाड्याचा. पिशवीतनं निघाल्या
अ‍ॅल्युमिनियमच्या हातभर नळ्या, आत रबरी दोरी,
झटका दिला की आपोआप एकात एक बसणाऱ्या.
मी जोडावरनं नख फिरवलं.
फिट बरं होतं. पॉइंट झिरो पाचचा खेळ, फार तर.
"बाबा, तंबू लावायचाय. माल पास करायचा नाही,"
आणि ती दगडानं खुंटा ठोकायला बसली.
जांभ्यानं तीन खुंटे वाकवले,
चौथा घेतला.

वनरक्षक आला, डवरी म्हणून, सायकल ढकलत.
चूल लोखंडी घमेल्यातच. अंधारानंतर बॅटरी पाण्यावर मारायची नाही.
खाणं तंबूत ठेवायचं नाही, अस्वल येतं.
मग डबा उघडून त्यानं हुंगला,
सुकं मटण, वर कांदा-लसूण चटणी.
"ह्याचा वास मलाच चौकीवर आला न्हवं,"
म्हणाला, आणि रात्रीपुरता डबा घेऊन गेला.
(सकाळी परत दिला. फोडी आम्ही मोजल्या नव्हत्या,
पण चटणीत बोटाची एक वाट होती.)

अंधार वरनं पडला नाही.
तलावातनं निघाला, आधी काठावरच्या गवतात,
मग आमच्या पायांत, मग जांभळीच्या शेंड्यापर्यंत.
मार्गशीर्षातली थंडी. घमेल्यात निखारे.
कुणी काही बोललं नाही असा बराच वेळ गेला,
आणि मला ती ऐकू आली.
बारीक शिट्टी.
पातळ पत्र्याला बोथट टूल लागावं तशी,
न थांबणारी.

"पलीकडच्या काठावर कुणीतरी मशीन चालू ठेवून गेलंय."
"कसली मशीन?"
"ऐक की."
तिनं मान तिरकी केली. खूप वेळ तशीच धरली.
"रातकिडे आहेत. पाणी आहे.
मशीन नाही, बाबा."

मी तोंड फिरवलं. शिट्टी माझ्यासंगं फिरली.
तंबूत डोकं घातलं, आत आली.
कानांत बोटं घातली
आणि ती मोठी झाली.

सव्वीस वर्षं. घरी पंखा, भिंतीपलीकडं टीव्ही,
गल्लीच्या तोंडाला फौंड्री, रात्रपाळीत तर काय.
तिला ऐकू येईल एवढी जागा
मी कधी दिलीच नव्हती.
आणि आता शंभर रुपये माणशी भरून
सगळा तलाव तिच्यासाठी मोकळा केला.

"श्श," मृण्मयी म्हणाली. "कुणीतरी चालतंय."
मला काही नाही.
मग झाडीतनं अंधाराचाच एक तुकडा सुटा झाला,
खाली चार पांढरे मोजे.
मागनं आणखी. सात गवे, दोन वासरं.
एवढं वजन,
आणि जणू कापसावरनं आले.
पाण्याला तोंड लावलं. चांदणं हललं, जुळलं, हललं.
एकानं मान वर करून आमच्याकडं बघितलं,
नाकातनं वाफ. मी त्याच्या छातीचा भाता बघत राहिलो.
"किती मोठ्यानं पितात ना," ती कुजबुजली असावी.
ओठ तसे हलले.
"हो," मी म्हणालो.

सकाळी तंबू पिशवीत जाईना.
घडी केली, गुंडाळला, गुडघ्यानं दाबला,
ज्या पिशवीतनं निघाला त्याच पिशवीत.
शेवटी अर्धा पिशवीत, अर्धा माझ्या कवेत.
कंडक्टर म्हणाला, "ह्येचं अर्धं काढू का तिकीट?"
सगळी गाडी हसली. मीही हसलो, एक क्षण उशिरा.

मृण्मयीनं आजवर खिडकी कुणाला दिलेली नाही.
लहानपणी त्यासाठी रडली आहे.
ती उठली, मला आत सरकवलं,
आणि येऊन माझ्या उजव्या कानाकडं बसली.
कोल्हापूर येईपर्यंत
बोलली काहीच नाही.