तें

चोडणहून रायबंदरला पोचेपर्यंत
माझ्या हातात सात मिनिटं असतात.
तेवढ्यात चार क्रियापदं होतात,
किंवा दहा नामं, लिंगासकट.
बाबा खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून
फेरीचा रॅम्प वर घ्यायची खूण करतात,
मी मासळीच्या टोपल्यांपाशी उभी राहून पुटपुटते:
डेर, डी, दास.

वर्गात बाकीचे कपाळाला हात लावतात.
मला काही वाटत नाही,
तो ती ते चघळतच वाढलो आपण.
त्यांच्याकडे फक्त वाटण्या वेगळ्या झाल्यात.
सूर्य बाई. चंद्र बुवा.
पूलसुद्धा बाई.
नदी म्हटलं की बुवा,
पण हाक मारली, एल्बे,
की पुन्हा बाई.

आणि मुलगी?
मुलगी ते. दास मेडशेन.
आल्मा मिस जरा ओशाळून म्हणाल्या,
व्याकरण आहे गं, मनाला लावून घेऊ नका.

मी कशाला लावून घेऊ.
आमच्या वाड्यावर सव्वीस वर्षं मी तेंच आहे.
तें आयलें. तें न्हिदलें.
तें अजून जेवूंक ना.
मराठी शाळेत निबंधात लिहिलं होतं,
'माझी बहीण शाळेत गेलें',
तर बाईंनी लाल शाईनं त्या 'लें'चं पार रक्त काढलं होतं.
आता माग्डेबुर्गमध्ये, वॉर्ड नंबर चारमध्ये,
कुणी म्हातारा आपल्या भाषेत बरोबर बोलेल
आणि मला वाटेल, घरच्यासारखं चुकला.

रुझार म्हणतो, वेडी आहेस.
तुझ्या आजोबाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला,
कागद काढ, लिस्बनचा पासपोर्ट घे,
भाषेची कटकट कशाला?
(त्याचे तिघे भाऊ स्विंडनला. घराला तीन कुलपं.)
आजोबा खाजणातल्या बांधावरून हलले नाहीत
आणि एका डिसेंबरात त्यांचा देश बदलला.
ते म्हणायचे, मानशीतून पाणी तसंच यायचं.

माझे कागद वेगळे.
खोली असेल तर पत्ता,
पत्ता असेल तर नोंदणी,
नोंदणी असेल तर बँकेत खातं,
आणि खातं नसेल तर
खोली देणार कोण?
मी हे बाबांना समजावलं.
ते म्हणाले, म्हणजे फेरीच की.
ह्या धक्क्यावरून त्या धक्क्यावर.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग,
थंय फेरी आसा?

आहे, बाबा. शहराच्या टोकाला एक
जाड दोराला बांधलेली असते,
प्रवाह ढकलतो तिला,
इंजिन नाही, आवाज नाही.
आवाज ना जाल्यार
लोक धांवतले कशे?
ह्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

कारण इथं आवाजावरच सगळं चालतं.
इंजिन घरघरलं की
गल्लीतून कुणीतरी चप्पल हातात घेऊन पळत येतं,
आणि बाबा हात वर करतात,
आणि वर केबिनमधला बोस्त्यांव
शिव्या देत थांबतो.
तीस वर्षांत किती माणसांसाठी थांबलेत, मोजलं नाही.
नदी परिवहन खात्याच्या वहीत
त्याला रकाना नाही.

आज टॅक्सी फेरीत चढली आहे.
डिकीत तेवीस किलो,
त्यातले दीड किलो सुकी सुंगटं, जी मी
दोनदा बाहेर काढली आणि आईनं दोनदा आत घातली.
बाबा ड्युटीवर. विमानतळावर येणार नाहीत.
काचेवर टकटक करून विचारतात,
थांब कसं म्हणतात त्यांच्यात?

वार्टेन झी, मी म्हणते. बिट्टं.

धक्क्यावर एक पोरगा सायकल ढकलत धावतोय.
बाबा हात वर करतात
आणि भर नदीला ऐकू जाईल असं ओरडतात,
बोस्त्यांव, वार्टेन झी!
कितें? बोस्त्यांव विचारतो.
स्कूटरवाले हसतात.
कितें म्हणटा तूं?

तोवर फेरी सुटलेली.
पोरगा, सायकल,
तिवरांवरचा एक बगळा
मागे.
बाबा साखळीपाशी उभे,
हात अजून वर.