वीस ग्रॅम

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसाला वीस ग्रॅम,
तेही काळं, कडू, साखर नावापुरती.
सांगताना त्यांनी माझ्याकडे नाही,
कागदावरच्या माझ्या रक्ताकडे पाहिलं.

एकतीस वर्षं मी घेंटच्या कालव्याकाठी
पांढरे हातमोजे घालून प्रालीनं विकली.
माझ्या चिमट्यातून एकही निसटलं नाही.
परदेशी जोडप्यांना, वकिलांना,
बायकोची माफी मागायला निघालेल्या नवऱ्यांना सांगायचे:
चावू नका. जिभेवर ठेवा. थांबा.
आणि संध्याकाळी घरी येऊन
उभ्या उभ्या, कोटही न काढता,
सुपरमार्केटची लाल कागदातली वडी
दातांनी तोडायचे.

फिरमिन तर ती पावात घालून खायचा.
बंदरावरचा माणूस.
आधी लोणी, त्यावर आख्खी पट्टी, वर पुन्हा पाव,
आणि तळहाताने एक दाब.
कडकन आवाज आला की म्हणायचा,
झालं, मोडलं हाड.

आज टेबलावर दोन्ही आहेत.
डावीकडे लाल कागद, एका कॉफीहून स्वस्त.
उजवीकडे मालकिणीने वाढदिवसाला पाठवलेली
चपटी राखी पेटी. आत पातळ कागद,
त्यावर मळ्याचं नाव, डोंगराची उंची, सुगीचं साल.
वडी नव्हे, स्थळच सांगून आलंय.
मध्ये पत्रं तोलायचा जुना काटा.
पत्रं येत नाहीत हल्ली,
म्हणून तो मला तोलतो.

आधी राखी पेटीतली.
जिभेवर ठेवली. थांबले.
बराच वेळ काहीच नाही.
मग लाकूड. मग काहीतरी लाल, आंबट,
मग तंबाखूचा रिकामा डबा उघडल्यासारखं,
आणि पुन्हा काहीच नाही,
पण ते काहीच-नाही केवढा वेळ टिकलं!
शिकलेल्या पाहुण्यासारखी आहे ही.
थांबून थांबून बोलते,
मध्ये आपल्याला उठून जाता येत नाही.

लाल कागदातली तशी नाही.
तोंडात टाकली की गोड, दूध, गोड,
आणि गिळायच्या आधीच हात पुढच्या चौकोनावर.
तिला सांगायचं असतं एकच,
ते ती पुन्हा पुन्हा सांगते
आणि मी पुन्हा पुन्हा ऐकते.

शेजारची लुटगार्ड म्हणते,
चांगलं खावं गोदेलीव, म्हणजे थोडक्यात भागतं.
तिचं भागतं. ती वाइनही अर्धाच पेला घेते
आणि अर्ध्यातलं थोडं ठेवते.
मीही हेच विकत आले, एक पुरतं, मॅडम.
एकच कुणी नेलं नाही कधी.
पाव किलोच्या पेटीला सोनेरी फीत
मीच बांधून द्यायचे.

वहीत सोमवार, वीस.
मंगळवार, वीस.
बुधवारचं अक्षर जरा जास्तच सुबक आलंय.
गुरुवारपाशी पेन थांबलं.

उठले. पाव कापला.
लोणी लावलं, पातळ, काचेवर फुंकर मारावी एवढं.
त्यावर ठेवली राखी पेटीतली पट्टी,
डोंगराच्या उंचीसकट, सुगीच्या सालासकट,
वर पाव, आणि तळहात.

काय आवाज होता!
लाल वडीला तो कधी जमला नसता.
स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले मी.
फिरमिन, हे बघ, मांडीचं हाड.

आंबट कुठे गेलं, लाकूड कुठे गेलं, कळलं नाही.
पाव होता, मीठ होतं, कडू होतं,
भूक होती.
शेवटच्या घासापर्यंत मी चावत होते.

काट्यावर उरलेली वडी ठेवून वजाबाकी केली.
गुरुवार, चौतीस.
दोनदा गिरवलं, म्हणजे खोडता येऊ नये.
पावाचं त्या वेगळं विचारतील.

लाल कागदाची घडी घातली.
आत नऊ चौकोन. मोजून ठेवलेत.
उद्या मोजेन तेव्हाही नऊच असतील,
निदान वहीत तरी.