वाल्डुरच्या कोंबड्या

हीउमा बेटावर नोव्हेंबरात
उजेड उधारीवर मिळतो.
साडेआठला येतो, साडेतीनला
काही न सांगता उठून जातो.

त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे.
झोपायचे कसली, पडून राहायचे.
भिंतीवरच्या कागदावर निळी फुलं,
एका ओळीत एकोणीस.
विसावं अर्धंच, कोपऱ्यात कापलेलं.
रात्री तीन वाजता मला
त्या अर्ध्या फुलाचा घोर लागायचा.
हसू नका.
मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात,
आणि फेरीबोटीवर तिकिटं फाडायला यंत्र आल्यापासून
माझ्या मनाला दुसरा धंदाच नव्हता.

डॉक्टरीणबाई सोमवारी भेटतात.
गोळ्या दिल्या त्यांनी. मी घेते, लपवत नाही.
वर म्हणाल्या, 'लेइदा, उजेड आहे तोवर बाहेर पडत जा.'
मी विचारलं, 'कशासाठी?'
याची चिठ्ठी
त्यांना लिहून देता येईना.

मग शेजारचा वाल्डुर पडला.
छपरावरचं बर्फ काढताना, शिडीवरून. खुबा मोडला.
स्ट्रेचरवरून ओरडला,
'कोंबड्या! सात आहेत! तांबडी चावते!'
आणि गाडीचं दार लागलं.

कोंबडीला आपलं दुःख सांगून बघा एकदा.
ती मान तिरकी करते,
एका डोळ्याने तुम्हाला पाहते, दुसऱ्याने बादलीला,
आणि निवड करते.

रोज सकाळी दोनशे बारा पावलं.
जुनिपरची झुडपं, मोडकं फाटक, समुद्राचा वास.
पाण्याच्या भांड्यावरचा बर्फ टाचेने फोडायचा.
कोमट पाणी, भिजवलेलं धान्य,
मग मोजणी : एक, दोन, तांबडी, चार...
मोजताना माणसाला
दुसरं काही मोजता येत नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा कोल्हा आला. सहा उरल्या.
पांढरी इतकी भ्यायली होती, पंख आपटत राहिली,
तेव्हा मी तिला काखेत धरलं, पाठीवर तळवा ठेवला,
दाबला नाही, नुसता ठेवला.
किती वेळ गेला कोण जाणे.
तिच्या आतलं धडधडणं हळूहळू
माझ्या श्वासाच्या चालीने चालू लागलं.
त्या रात्री तीन वाजता
माझ्या छातीतलं पाखरू फडफडायला लागलं
तेव्हा मी त्याच्यावरही तसाच तळवा ठेवला.
म्हटलं, बस बाई. कोल्हा गेला.

तो गेला नव्हता, हे मलाही ठाऊक होतं.
मंगळवारी दिवसभर उठले नाही.
दुपारी दोनला खुराड्यात गेले, तोंडही न धुता.
त्यांनी ना टोमणा मारला, ना चौकशी केली.
तांबडी मात्र चावली.

जानेवारी सरता सरता पहिलं अंडं.
गरम. त्याला एक पीस चिकटलेलं.
ते मी माइमूकडे नेलं, का कोण जाणे.
तिने बदल्यात बरणीभर विरजण दिलं,
काळ्या पावाचं, तिच्या सासूच्या वेळचं.
'याला रोज पीठ घाल,' म्हणाली,
'नाहीतर रुसतं.'
आता घरात वाट बघणारं
आणखी एक झालं.
पहिला पाव विटेसारखा झाला.
आम्ही दोघींनी तो लोणी लावून खाल्ला,
दात सांभाळत,
आणि मला हसू आलं तेव्हा
घशातून आवाज गंजल्यासारखा निघाला.

फेब्रुवारीत वाल्डुर काठी टेकत परतला.
फाटकाशी उभं राहून मोजल्या त्याने.
'सहाच?'
'कोल्हा.'
'हं.'
मी बादली त्याच्यापुढे धरली.
हात थरथरत होता, थंडीनेच असेल.
उद्या सकाळी मी कुठे जाणार,
हा प्रश्न पोटात गोळा होऊन बसला होता.

वाल्डुरने बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
'डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केलीय,' म्हणाला.
'खूप दिवस.'

खुराड्याला शिडी नाही.
एक पायरी आहे, तीही वीतभर.

मी काही बोलले नाही.