पोळीच्या हिशोबात

रात्री साडेदहाला शेवटचं ताट घासून झालं
की मी ओट्यावर नकाशा पसरते.
खाली वर्तमानपत्र, कारण ओटा ओला असतो.
नकाशा तेजरावचा, परीक्षेच्या भूगोलातला,
कडा माझ्या हळदीच्या बोटांनी पिवळ्या.

डॉलर मला कळत नाही. बाट, किप, डाँग तर नाहीच.
मी पोळीत मोजते.
एक पोळी दहा रुपये, तूप लावून बारा.
हनोईत आठ जणींच्या खोलीतला वरचा पलंग: पंचावन्न पोळ्या.
गुडघा म्हणाला, खालचा. खालचा साठ.
मेकाँगवरून दोन दिवस रमतगमत जाणारी होडी: दोनशे दहा.
विमानाचा आकडा तेजरावने वाचून दाखवला
आणि माझं मनगट आधीच दुखायला लागलं.

तेजराव मोताळ्याचा, बुलढाणा जिल्हा. चौथा प्रयत्न.
मेकाँग कुठे उगवते, कुणाकुणाच्या अंगणातून जाते,
झोपेतून उठवून विचारा, सांगेल.
समुद्र पाहिलायस का विचारलं
तर म्हणतो, काकू, मीठ द्या.

त्याने पट्टीने रेघ मारली:
थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, परत पुणे.
नोव्हेंबरअखेर निघा, फेब्रुवारीत या, तेव्हा तिकडे कोरडं असतं.
फक्त हनोईत स्वेटर लागेल, तिथली थंडी ओली.
म्हटलं, पट्टी ठेव बाजूला,
माणूस असा सरळ जातो का कुठे?

रविवारी जुन्या बाजारातून पाठीवरची बॅग आणली, साडेतीनशेला.
आतल्या कप्प्यात कुणाचं तरी बसचं तिकीट निघालं,
अक्षरं उडालेली. टाकवेना. तिथेच राहू दिलं.
तिच्यात दहा किलो कणीक भरून
रोज पहाटे पर्वती चढते, सवय व्हावी म्हणून.
एका बाईंनी विचारलं, नवस बोललात का?
म्हटलं, हो. दळणाचा.

कोथरूडची नणंद फोनवर:
एकटी? या वयात? आणि तिकडे खाणार काय तू?
बत्तीस वर्षं सदाशिव पेठेत
दुसऱ्यांनी काय खायचं ते मी ठरवलं, वन्सं.
सोमवारी मटकी, गुरुवारी पिठलं.
मला काय खायचंय
ते मला अजून माहीतच नाही.
हे बोलले नाही. म्हटलं, फळं खाईन.

हिशोबात एक ओळ मी लिहीतच नव्हते.
तेजरावने लिहिली, पेन्सिलीने, बारीक:
मेस बंद, नव्वद दिवस.
गुणाकार त्यानेच केला.
दोघंही गप्प. खाली कुणीतरी बुलेट चालू करत होतं,
तीनदा बंद पडली.
मी कंबोडिया खोडला. वीस दिवस हातात आले.
वीस दिवसांकडे बघत बसले.
मग कंबोडिया परत लिहिला, या वेळी रात्रीच्या बसने,
म्हणजे पलंगाचे पैसे वाचतील.

शिर्केबाई म्हणाल्यात, मुलांना मी डबा देईन,
पण त्यांच्या आमटीत साखर फार.
तेजराव नकाशाची घडी घालत होता.
घडी चुकली, लाओस बाहेर राहिला.
मान खालीच ठेवून म्हणाला,
जानेवारीत मुख्य परीक्षा आहे काकू.
मग, जरा वेळाने,
होडीत डाव्या बाजूला बसा. काठ जवळ दिसेल.
हे कुठल्या पुस्तकात आहे, मी विचारलं नाही.

तो गेल्यावर दिवा मालवला, परत लावला.
उद्या सेहेचाळीस पानं. चार-चार धरल्या
तर एकशे चौऱ्याऐंशी.
होडीला सव्वीस कमी.
पण उद्या शिकरण आहे, कुणी कुणी सहासुद्धा खातं.
परात ओढून घेतली.
दोन मुठी जास्तच भिजवली कणीक.