डोळा

काटोल रोडच्या नर्सरीत डोमाजीमामा
उकिडवे बसून डोळे भरायचे.
जंभेरीचं रोप, पेन्सिलीएवढं जाड,
वीतभर उंचीवर सालीला एक आडवी चीर, एक उभी,
आणि त्या फटीत संत्र्याचा डोळा
पाकिटात नोट सरकवावी तसा.
वर प्लास्टिकची पट्टी, गाठ.
पुढचं रोप.

डोळ्यामागे दीड रुपया,
तोही लागलेल्याच डोळ्याचा.
एकविसाव्या दिवशी मालक यायचा, मी मागे वही घेऊन.
डोळ्याखालच्या देठाला बोट लावायचं.
टचकन गळला तर डोळा जिवंत.
चिकटून राहिला तर मेला.
मला कित्येक दिवस हे उलटंच वाटायचं.

कळमन्यात ढीग लागतात
तेव्हा पेट्यांवर बागायतदाराचं नाव, अडत्याचं नाव,
नागपूर तर ठळक अक्षरात.
जंभेरी कुठेच नाही.
मामांना म्हटलं, तर हसले:
"आंबट मुळाचं नाव टाकलं त घेईन कोन?"

यंदा ओळीच्या ओळी वाळल्या.
चाकू साल सोडून लाकडात जायचा.
मालक काही बोलला नाही,
वही फक्त दोनदा चाळली.

मेडिकलमध्ये डॉक्टरीणबाई टॉर्च मारून म्हणाल्या,
मोतीबिंदू चांगला पिकलाय.
"मंग तोडाले आला म्हना," मामा म्हणाले.
बाईंना कळलं नाही. मलाही
हसावं की नाही ते कळेना.

"पट्टी कधी सोडसान?"
"उद्या सकाळी."
"उद्या?" मामा उठूनच बसले.
"एका रात्रीत डोळा लागते काय कुठं!"

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.
दर थोड्या वेळानं पट्टीची कड चाचपून बघत,
गाठ कोणी मारली, कशी मारली,
चिकटपट्टीच आहे, सांगितलं मी,
तरी बोट गाठ शोधत राहिलं.

सकाळी वॉर्डात बाकड्यावर ओळ बसली,
नरखेडच्या म्हाताऱ्या, मौद्याचा एक गुराखी,
सगळ्यांचा एकेक डोळा बांधलेला.
मामांनी उघड्या डोळ्यानं, अंधुक अंधुक,
बोट हलवत मोजलं:
लाभ, दोन, तीन...
अकरावर आपल्याच छातीला बोट लावलं.

"वही आनली काय वं?"

नव्हती आणली.
केसपेपरच्या पाठीवर अकरा रेघा ओढल्या
आणि नर्सबाई पहिली पट्टी सोडायला वाकल्या
तशी पेन उघडं धरून
मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.